कुंकवाआडचा दिवा

टेम्पो चार वाजता येणार होता. साईनाथचा उद्यमबागेतला दोस्त जोतिबा तो घेऊन येणार, त्यात ती इलेक्ट्रिकची शेगडी चढणार, आणि तिच्या मागोमाग साईनाथ आणि त्याची बायको करिष्मा अनगोळला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला जाणार. एवढं सगळं सकाळी अर्ध्या तासात ठरलं आणि ठरवताना घरच्या थोरल्या सुनेला, अंजनीला, कुणी काही विचारलं नाही. एका परीनं बरंच झालं. विचारलं असतं तर तिला खरं बोलावं लागलं असतं.

वडगावातल्या त्या घरात अंजनी अठरा वर्षं नांदत होती. पुढच्या सोप्यात नवऱ्याचे, परशरामचे, दोन यंत्रमाग. एका कोपऱ्यात सासऱ्यांचा जुना खड्डामाग, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून हातानं चालवायचा. मधल्या खोलीत सुताच्या लडी आणि बॉबिनांची पोती, आणि पलीकडे, फक्त एका पडदीच्या आडोशानं, स्वयंपाकघर. घरात कितीही माणसं वाढली तरी चूल एकच राहिली होती. सासरे गेले, नणंदेचं लग्न होऊन ती हिंडलग्याला गेली, धाकटा दीर साईनाथ नोकरीला लागला, तरी सगळ्यांची ताटं एकाच पंगतीला. गल्लीत लोक सांगायचे की अंजनीच्या सासूनं, रुक्माबाईनं, घर धरून ठेवलंय. आणि आज ते चार वाजता सुटणार होतं, आणि त्याचं कारण अंजनीच्या उजव्या हाताच्या करंगळीला चिकटलेलं होतं.

ती शेगडी करिष्मानं आणली. मे महिन्यात निपाणीहून लग्न होऊन आलेली ही पोरगी केक करायची, आणि केकला भट्टी लागते. गोव्यात कुणाचा तरी होमस्टे बंद पडला, तिथली ही शेगडी साईनाथ उचलून घेऊन आला. वर सपाट काळी काच, काचेवर चार गोल, पुढं बटणांची पट्टी आणि खाली भट्टी. बारा वर्षं कारखान्यात वायरमनकी केलेल्या साईनाथनं ती बसवायला पुरा रविवार घातला. परशराम म्हणाला होता, "मागाची लाइन हाय की इथंच, त्यातनंच घे दोन तारा." त्यावर साईनाथ हातातला टेस्टर खाली न ठेवता म्हणाला होता, "न्हाय अण्णा. मागाच्या लाइनीवर दुसरं काय चढवायचं न्हाय. हिला आपली सवती जाड वायर पायजे, अर्थिंग पायजे आणि दाराजवळ खटका पायजे. काय झालं तर बाहेर पळता पळता पाडता आला पायजे."

मग करिष्मानं घरच्या बायकांची शाळा घेतली. रुक्माबाई पाटावर बसून, अंजनी उभ्यानं.

"ह्यात जाळ कुठं हाय?" रुक्माबाईनं विचारलं.

"जाळ न्हाई, आत्ती. काचेखाली तार तापती. जाळ दिसत न्हाई म्हणून तर जास्त जपायचं. बटण बंद केलं तरी काच लई वेळ तापलेली असती. हा पट्टीच्या टोकाचा लाल दिवा बघा. काच गरम हाय तवर ह्यो जळतो. विझला की मग फडकं मारायचं, तवर कायबी ठेवायचं न्हाई. ओला हात बटणाला न्हाई. आणि काच म्हणजे टेबल न्हाई, वर डबे-बिबे मांडायचे न्हाईत."

"आणि खालच्या पेटीत पावसाळ्यात लडी वाळत घातल्या तर? ऊब चांगली लागंल की सुताला."

करिष्माचा चेहरा असा झाला की अंजनीला पदर तोंडाशी धरून हसावं लागलं. पण रुक्माबाई शिकली. सत्तरी ओलांडलेली बाई, पण विणकरीण. एकदा सांगितलेलं हाताला बसतं. शेगडीला हात लावण्याआधी ती वाकून दिवा बघायची, आणि जळत असला की मुकाट्यानं मागं सरायची.

अंजनीचं तर निराळंच होतं. पाच वर्षांपूर्वी एका पहाटे गॅसवर चहा ठेवताना तिच्या पदरानं पेट घेतला होता. डाव्या दंडावर अजून तो डाग होता. तेव्हापासून रोज लायटर वाजवताना तिच्या छातीत धस्स व्हायचं आणि हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. शेगडी आल्यापासून तो धसका गेला. सपाट बुडाचा तवा आला, भाकरी जाळावर न फुगवता तव्यावरच दाबून शेकायची युक्ती जमली, आणि एका सकाळी तिच्या लक्षात आलं की आपण भाकऱ्या थापताना गुणगुणतोय. याबद्दल करिष्माला दोन शब्द चांगले बोलावेत असं तिला सतरांदा वाटलं. पण ह्या घरात असं काही तोंडानं बोलायची कुणाला सवयच नव्हती, त्यामुळं ते राहून गेलं.

त्याऐवजी तिनं शेगडीला कुंकू लावलं. खंडेनवमीला माग, धोटा, कात्री, बॉबिनं, घरात जे जे चालतं त्या सगळ्याला कुंकू लागतं. मग हिनं काय पाप केलं? चार बटणांना चार बोटं लागली. पण चार बोटं अशी कुठं असतात? पाच पाहिजेत. पाचवं तिनं करंगळीनं पट्टीच्या टोकाला टेकवलं, दिव्याच्या शेजारी. पुढं दर शुक्रवारी जुनं पुसून नवं ओलं कुंकू लावायचा तिनं परिपाठच ठेवला. मागच्या शुक्रवारी मात्र घाई होती. खड्डामागावरची साडी उतरायची होती, आणि ओलं कुंकू जरा जास्तच पातळ झालं होतं.

ती साडी रुक्माबाईनं स्वतः विणली होती. नवरा गेल्यावर नऊ वर्षं तो माग झाकलेला होता. दसऱ्यानंतर तिनं तो झाडून काढला, उभ्या धाग्यांचा ताणा चढवला आणि रोज दोन-दोन वीत करत रेशमी साडी पुरी केली. कुणासाठी, ते सांगितलं नाही. "बघू," एवढंच म्हणायची. घरची रीत अशी की नव्या ताण्याची पहिली साडी कापून उतरली की घराबाहेर जाण्याआधी तिला क्षणभर चुलीवर टेकवायची. चूल निवलेली हवी. ज्या कापडावर घर जेवतं ते कापड आधी चुलीला दाखवायचं, असं रुक्माबाईची सासू सांगायची.

करिष्मानं नैवेद्याची खीर उतरवली, बटण बंद केलं आणि देवापाशी गेली. रुक्माबाई घडी घातलेली साडी घेऊन आली. साडीला तेलकट लागू नये म्हणून खाली वर्तमानपत्राचा कागद. "बंद हाय न्हवं गं?" तिनं विचारलं. "बंद केली, आत्ती," देव्हाऱ्यापासनं उत्तर आलं. तरी ती वाकली, शिकवल्यासारखी. पट्टीच्या टोकाला बघितलं. दिवा नव्हता. मग तिनं साडी काचेवर ठेवली आणि हात जोडले.

कागदानं पेट घेतला तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते.

अंजनी पाण्याचा तांब्या घेऊन धावली. त्याच क्षणी करिष्मा दारातनं आली, पहिल्यांदा तिनं खटका पाडला, मग अंजनीचं मनगट धरलं आणि ओरडली, "पाणी न्हाई, आक्का. काच फुटंल, आणि आत करंट असला तर?" तोवर रुक्माबाईनं साडीला हात घातला होता. करिष्मानं तिला मागं ओढलं, जाड हातमोजा चढवून तो पेटता गठ्ठा उचलला आणि मोरीत टाकला. मग सासूची बोटं नळाखाली धरून बसली, वीस मिनिटं, हळद लावू दिली नाही की टूथपेस्ट लावू दिली नाही. पडदीच्या पलीकडं सुताची पोती होती. एक ठिणगी तिकडं गेली असती तर पुढचं कुणी बोलायलाच नको.

इतकं सगळं करून बोल कुणाला लागला? तर करिष्मालाच. तिनंच तर सांगितलं होतं दिव्याचं.

"दिवा न्हवता," रुक्माबाई दवाखान्यातनं तीन बोटांना पट्टी बांधून आली ती हेच म्हणत आली. "मी बगितलं. दिवा न्हवता."

शनिवारी संध्याकाळी अंजनी एकटी भाजी करत होती. शेगडी बंद केली, पट्टी पुसायला वाकली, आणि पाचव्या बोटाच्या कुंकवाआड तिला काहीतरी दिसलं. ओघळून आलेल्या, वाळून जाड झालेल्या त्या थराखाली अगदी बारीक लाल उजेड होता. दिवा शुक्रवारीही जळत होता. तिनं तो झाकला होता. तिनं ओलं फडकं घेतलं, पाचही बोटं पुसली, आणि कुणाला काही बोलली नाही.

ते पुसणंच नडलं. रविवारी सकाळी दोन पाळ्या करून साईनाथ घरी आला, हिंडलग्याहून नणंद आली, आणि सोप्यात पंचायत बसली.

नणंदेचं नाव राजेश्वरी, पण तिला सगळे राजाक्का म्हणायचे. भावंडांत थोरली, आवाजानं आणि मापानंही. ती चप्पल काढतानाच म्हणाली, "गोव्याची मोडीत काढलेली वस्तू घरात आणल्यावर दुसरं काय व्हणार? आईची बोटं बगा. ह्या बोटांवर हे घर उभं ऱ्हायलंय."

"वस्तू मोडीतली न्हाय राजाक्का," साईनाथ म्हणाला. "या, बगा सगळीजणं." त्यानं सगळ्यांना शेगडीपुढं उभं केलं, बटण फिरवलं, दोन मिनिटं थांबला. पट्टीच्या टोकाला दिवा लख्ख लागला. बटण बंद केलं, दिवा तसाच. "ह्यो बगा. काय बिघाड न्हाय ह्यात. आई, तू बगितलंच न्हाईस. देवाच्या गडबडीत इसरलीस. कबूल कर आणि सोड की."

रुक्माबाईनं दिव्याकडं बघितलं, मग मुलाकडं. "म्हंजे मी खोटं सांगाय लागलीया व्हय रं?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

"आणि कसं म्हणत्यात?" परशराम मध्ये पडला. "आईला खोटं पाडून बायकोची शेगडी खरी करतोस व्हय? काढ ती घरातनं."

"शेगडी जाईल तर आमीबी जाऊ," साईनाथ म्हणाला, आणि त्यानं तिथंच जोतिबाला फोन लावला. करिष्मा त्याचा हात धरून "नका हो, असं नका करू" म्हणत राहिली, पण तो ऐकेना. अंजनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ह्या एका क्षणाला ती बोलली असती तर सगळं मिटलं असतं. पण अठरा वर्षं ह्या घरात तिच्या हातून एक ताट फुटलेलं कुणी बघितलं नव्हतं. "आमच्या अंजनीच्या हातचं चुकत न्हाय," असं सासू गल्लीभर सांगायची. तिची जीभ उचलली नाही.

जेवणं झाली, म्हणजे ताटं पुढं आली आणि उचलली गेली. अडीच वाजता साईनाथ पाना आणि टेस्टर घेऊन स्वयंपाकघरात आला. परशराम मागनं आला, बोलायचं नाही असं ठरवून आला, पण शेगडी एकट्याला हलायची नाही म्हणून आला. करिष्मा भांडी वेगळी काढत होती. सपाट बुडाचा तवा तिनं उचलला आणि परत ठेवला.

"ह्यो ऱ्हाऊ दे आक्का तुमाला," ती म्हणाली. "गॅसवरबी चालतो. आणि गॅस पेटवताना पदर खोचून घ्या. आधी खोचायचा, मग लायटर. इसरू नका."

अंजनीनं तिच्याकडं बघितलं. दंडावरच्या डागाबद्दल ती करिष्माला कधी बोलली नव्हती. पण करिष्मानं बघितलं होतं, आणि धसकाही ओळखला होता. घरातनं बाहेर काढली जाणारी ही पोरगी जाता जाता तिच्या पदराची काळजी करत होती.

"साईनाथ भाऊजी, वायर सोडू नका," ती म्हणाली. "पाच मिन्टं थांबा."

"आता काय राह्यलं वैनी?"

"शेगडी लावा. आत्तीस्नी हाक मारा. राजाक्कांस्नीबी. सगळ्यांनी या."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, साईनाथनं वाद घातला नाही. खटका वर केला, एक गोल लावला. रुक्माबाई पट्टीचा हात छातीशी धरून आली, तिच्या मागं राजाक्का, "आता आणि काय नाटक" असं पुटपुटत. पट्टीच्या टोकाला लाल दिवा लागला.

अंजनीनं देव्हाऱ्यातला करंडा आणला. तळहातावर कुंकू घेतलं, वर दोन थेंब पाणी. पातळ झालं, तसंच कालवलं. पहिलं बोट पहिल्या बटणाला, दुसरं दुसऱ्याला, तिसरं, चौथं. मग करंगळी पट्टीच्या टोकाला टेकवली. कुंकू ओघळलं आणि दिव्यावर पसरलं. खिडकीतनं दुपारचं ऊन सरळ पट्टीवर येत होतं.

"आत्ती, जरा बगा," ती म्हणाली. "दिवा हाय का?"

रुक्माबाई वाकली. डोळे बारीक केले. मग सरळ झाली. "न्हाय."

"राजाक्का?"

"मलाबी न्हाय दिसत." राजाक्काचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"शुक्रवारी असंच झालं. पाचवं बोट माझं हुतं. आत्तींनी बगितलं, आणि त्यास्नी दिवा दिसला न्हाय, ते खरं. करिष्मानं बंद केलती, तेबी खरं." अंजनीनं श्वास घेतला. "शनवारी मला समजलं. मी पट्टी पुसली आणि गप बसले. म्हणून सकाळी दिवा लख्ख दिसला आणि आत्ती खोट्या ठरल्या. मीच त्यास्नी खोटं पाडलं. भाऊजींनी न्हाय."

शेगडीच्या आत तार तापल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. परशराम बायकोकडं असा बघत होता की जणू तिला आजच बघतोय.

रुक्माबाई पाटावर बसली.

"अंजने," ती म्हणाली, "कुंकू लावलंस, त्यात तुजं काय चुकलं न्हाय. मी असते तर मीबी पाचच लावली असती. पण पुसून गप बसलीस, ते चुकलं. दोन रात्री मला झोप न्हाय. मला वाटाय लागलं, खरंच बगितलं नसंल का मी? डोळं गेलं का डोस्कं गेलं? म्हाताऱ्या माणसाला आपल्याच डोस्क्याचा भरवसा वाटंना, म्हंजे काय असतं, तुला न्हाय ठावं."

"चुकलं आत्ती," अंजनी म्हणाली आणि आता तिला रडू आवरेना. बोलून झाल्यावर मात्र तिच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, काल संध्याकाळपासून पहिल्यांदा.

साईनाथ खाली वाकला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवायला गेला.

"पाया मागनं पड," रुक्माबाई म्हणाली. "आदी त्यो हातातला पाना खाली ठेव, पायावर पडंल माज्या. बोटं गेली तेवढी बास."

राजाक्काला हसू फुटलं आणि तिनं ते खोकल्यात घातलं. तेवढ्यात करिष्मा हळूच म्हणाली, "मला ठाऊक होतं."

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

"शनवारी रात्री पट्टी पुसलेली बघितली मी. शुक्रवारचं कुंकू आक्का पुढच्या शुक्रवारीच पुसतात. मग माझ्या ध्यानात आलं." ती पदराचं टोक पिळत होती. "आणि आधीच सांगायला पाहिजे होतं मी, की पट्टीला काय लावू नका. रोज बघत होते. पण नवीन सुनेनं कुंकू पुसा म्हणायचं कसं? म्हणून राह्यलं ते."

"मग सकाळी तरी बोलायची हुतीस की गं," राजाक्का म्हणाली. "घर सोडून निघालीस, पण तोंड उघडलं न्हाईस?"

"आक्कांचं नाव कसं घेऊ?" करिष्मा म्हणाली. "मी आले तवा मला भाकरी येत न्हवती. सहा म्हैने आक्का आपल्या भाकरी माझ्या म्हणून वाढत आल्यात. कुणाला कळू दिलं न्हाई. त्यांनी माझं झाकलं, मी त्यांचं झाकलं. तरी आत्तींस्नी इतकं लागंल असं मला वाटलं न्हवतं. त्यात माझंबी चुकलं."

"कुणाला कळू दिलं न्हाय म्हणं," रुक्माबाई म्हणाली. "पयल्या दिवसापास्नं ठावं हाय मला. अंजनीच्या भाकरीला कड पातळ असती. तुझी एक बगितली हुती, कुत्र्याला घातलीस ती. मी काय आंधळी हाय?" आणि मग तिचं तिलाच पट्टीवरचं कुंकू दिसलं, आणि ती इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांना पाणी आलं आणि पट्टीच्या हातानं ते पुसता येईना, तेव्हा राजाक्कानं पुसलं.

परशराम खाकरला. माफी मागायची त्याला सवय नव्हती. त्यानं शेगडीला एका बाजूनं हात घातला आणि ती भिंतीला नीट समांतर सरकवून दिली. "कडंला जरा वाकडी बसलती," तो साईनाथला म्हणाला. "काय रं, ती मागची वायर दबत न्हाय न्हवं?"

"न्हाय अण्णा," साईनाथ म्हणाला. "बरी हाय."

चार वाजता गल्लीच्या तोंडाला हॉर्न वाजला. परशराम बाहेर गेला आणि जोतिबाला खांद्याला धरून आत घेऊन आला. "भाडं तुजं मिळंल," तो सांगत होता, "पण काय न्यायचं न्हाय. चा पी आणि जा." चहा शेगडीवरच झाला. करिष्मानं केकचे तुकडे कापले आणि साऱ्या घरानं जेवणाची भूक चार वाजता भागवली. राजाक्कानं तीन तुकडे खाल्ले आणि वस्तू मोडीतली नाही हे मान्य केलं.

मग रुक्माबाईनं साडी मागितली.

अंजनीनं ती शुक्रवारीच धुऊन सावलीत वाळवून ठेवली होती. मोरपंखी रंगाची, तांबड्या काठांची. घडी घालताना पदर वर आणि आतलं टोक खाली ठेवायची रुक्माबाईची पद्धत होती, त्यामुळं जळलं होतं ते फक्त आतलं टोक. दोन ठिकाणी, बशीएवढं.

"शुक्रवारचं अर्धंच ऱ्हायलंय," रुक्माबाई म्हणाली. "ते पुरं करायचं. बंद करा शेगडी."

करिष्मानं बटण फिरवलं. अंजनीनं ओल्या फडक्यानं, काचेला न शिवता, पट्टीवरचं कुंकू पुसलं. दिवा लख्ख दिसला. रुक्माबाईनं करंडा मागितला आणि डाव्या हाताच्या पाच बोटांनी शेजारच्या भिंतीच्या फरशीवर पाच टिकल्या ओढल्या. "आता कुंकू हितं," ती म्हणाली. "दिव्याला त्याची जागा, कुंकवाला त्याची."

आणि मग सगळे थांबले. रुक्माबाई साडी हातावर घेऊन, परशराम आणि साईनाथ खांद्याला खांदा लावून, राजाक्का कमरेवर हात ठेवून. चहाचा कप घेऊन दारात उभा असलेला जोतिबा थोडा वेळ बघत राहिला, मग कुजबुजला, "कशाची वाट बगाय लागलाय?"

"दिवा विझायची," राजाक्का म्हणाली. "गप ऱ्हा."

बराच वेळ लागला. अंजनीच्या मनात आलं, असं सगळं घर एका जागी, काही न बोलता, कधी उभं राहिलं होतं? पडदीच्या पलीकडं सुताची पोती जागच्या जागी होती. सासूची बोटं बरी होणार होती. टेम्पो रिकामा जाणार होता. तिनं मनातल्या मनात हात जोडले, नेमके कुणाला ते तिलाही सांगता आलं नसतं.

दिवा विझला. तरी रुक्माबाईनं साडी काचेवर नाही ठेवली. शेगडीपुढं पाट मांडायला लावला, त्यावर साडी टेकवली, आणि ह्या वेळी डोळे उघडे ठेवून नमस्कार केला. मग साडी उचलून करिष्माच्या हातात दिली.

"तुज्या पयल्या दिवाळसणाला विणली हुती," ती म्हणाली. "डाग आतल्या टोकाला हाय, पयल्या वेढ्यातच जाईल. नको वाटली तर सांग, दुसरी विणीन. बोटं बरी झाल्यावर."

करिष्मानं साडी छातीशी धरली आणि नुसती मान हलवली, नको, दुसरी नको.

"अंजने," रुक्माबाई म्हणाली, "जा, नेसव तिला. तुज्या हातचं चुकत न्हाय."

आतल्या खोलीत अंजनीनं दार लोटलं. साडीचं जळकं टोक चिमटीत धरलं. कड अजून करकरीत लागत होती. ते तिनं करिष्माच्या कमरेला आत खोचलं, वर पहिला वेढा घेतला, आणि खाली बसून निऱ्या घालता घालता, वर न बघता म्हणाली, "शुक्रवारी तू माजं मनगट धरलं नसतंस, तर काय झालं असतं गं? आणि त्या शेगडीनं माजी रोजची भीती घालवली. सहा म्हैने सांगीन म्हणते. लई उपकार हाईत तुजे."

"आक्का," करिष्मा वरनं म्हणाली. "निऱ्या हळू खोचा. गुदगुल्या व्हतात मला."

अंजनीनं डोळे पुसले, निऱ्या सारख्या केल्या आणि घट्ट खोचल्या. आत कुठं जळलंय ते आता त्या दोघींशिवाय कुणालाच सांगता आलं नसतं.